जागा निघाली का, सर?

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. समुद्रातल्या तुमच्या कामावर लिहा म्हणाले. मग विचारलं, "परिचयात काय टाकू, सर? निवृत्त प्राध्यापक?" मी म्हटलं, निवृत्त व्हायला आधी लागावं लागतं, आणि मी कधी लागलोच नाही. ते खो खो हसले. त्यांना वाटलं, सर विनोद करून राह्यले.

विनोद कशाचा डोंबलाचा! जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सगळी उमेद प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली, पण तासिका तत्त्वावर. बाहेरच्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावं लागतं. पक्क्या प्राध्यापकाला महिन्याचा पगार, आम्हाला शिकवलेल्या तासाचे पैसे. सुट्टी आली, परीक्षा आली, कुणी पुढारी वारला, की तास नाही. दर वर्षी नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं मुलाखत द्यायची, आणि उन्हाळा लागला की तुम्ही कोण न आम्ही कोण. खडू तोच, फळा तोच, मागच्या बाकावर पेंगणारी पोरं तीच, पण स्टाफरूममधल्या कपाटाला कुलूप आपलं नसतं. यातून सुटायचा एकच रस्ता, जागा निघणं.

'जागा' हा शब्द मी जितक्यांदा ऐकला तितक्यांदा स्वतःचं नाव ऐकलं नसेल. अंबडच्या बसस्टँडवर माजी विद्यार्थी भेटतो, पाया पडतो, आणि उठता उठता विचारतो, "जागा निघाली का, सर?" न्हावी विचारतो. किराणावाला विचारतो. एकदा दात काढायला गेलो तर डॉक्टरनं माझ्या तोंडात हात घालून तेच विचारलं. मला उत्तर देता येत नव्हतं म्हणून बरं.

तर ती जागा एकदा निघाली. आणि ती माझ्या धाकट्या साडूला मिळाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल वाकडं बोललो तर तुम्ही बुचकळ्यात पडायला नको. साडूंचं नाव दिगंबर. मी त्यांना दिगंबरराव म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. माणूस स्वभावानं इतका गरीब, की त्याच्यावर उघड चिडतासुद्धा येत नाही. या एका गोष्टीनं मला जेवढं छळलं तेवढं कशानं छळलं नाही.

माझं लग्नच मुळी 'जागा' शब्दाच्या घोळातून झालेलं. मध्यस्थानं पिंपळगाव रेणुकाईला सुमनच्या वडिलांना सांगितलं, "पोरगं शिकलेलं हाय, कॉलेजात जागा हाय त्याची." त्याला म्हणायचं होतं, पुढं-मागं लागेल. मामा, म्हणजे माझे सासरे, पडले शेतकरी. त्यांच्या लेखी जागा म्हणजे जमीन. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ते बसनं अंबडला आले, हातात सुतळीचा मोठा गुंडा, आणि थेट कॉलेजच्या फाटकात उभे.

"जावईबापू, जागा दाखवा. पाण्याचं कसं काय? बोअर घ्यावा लागंल का?"

मी चक्रावलो. "मामा, ती तसली जागा न्हाई. बसायची जागा."

"बसायची? मंग बैठकीची खोली का?"

"खुर्ची हो. खुर्चीएवढी."

"बरं, तेवढी तरी दाखवा."

"ती अजून निघाली न्हाई."

मामा लिंबाखालच्या बाकड्यावर बसले. चहा घेतला. मग सुतळी पिशवीत टाकली आणि घरी येऊन लेकीला म्हणाले, "पोरी, माणूस चांगला हाय. जागा खुर्चीएवढी हाय, अन् तीबी अजून हवेत हाय." सुमन आजही हे अगदी मामांच्या आवाजात म्हणून दाखवते, आणि पाहुणे असले की हमखास.

सुमनच्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या लग्नाच्या वेळी मामांनी पहिला प्रश्न विचारला, "पक्का का कच्चा?" दिगंबरराव तेव्हा भोकरदनला शाळेत पक्के होते. झालं! तेव्हापासून सासुरवाडीला ते पक्के जावई आणि मी नुसता थोरला.

आता समुद्राकडं येतो. जालन्याचा माणूस समुद्रात कसा गेला, हे सगळ्यांना नवल वाटतं. उत्तर सोपं आहे, उन्हाळ्यात तास नसत. विद्यापीठाच्या फलकावर एक कागद लागलेला पाहिला. लक्षद्वीपच्या बेटांवर प्रवाळातले मासे मोजायला माणूस पाहिजे, प्राणिशास्त्र शिकलेला आणि पाण्यात न घाबरणारा. मी समुद्र फक्त नकाशात बघितलेला, पण आमच्या गावच्या विहिरीत कमरेला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो होतो, आणि कुणाची कळशी विहिरीत पडली की तळाशी जाऊन काढायला मलाच हाक यायची. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "श्वास किती वेळ धरता?" मी म्हटलं, "कळशी सापडेपर्यंत." त्यांनी मला घेतलं. तासिकेच्या मुलाखती सोडल्या, तर माझ्या आयुष्यात मुलाखतीत निवड झाली ती ही एवढीच.

काम काय असतं ते सांगतो. पाण्याखाली एक लांब टेप अंथरायची. तिच्या कडेकडेनं हळूहळू पोहत जायचं आणि दोन्ही बाजूंना जे मासे दिसतील ते जातवार मोजायचे, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलनं लिहायचे. शिरगणतीच म्हणा. फरक एवढाच, की शिरगणतीला माणसं दार लावून घेतात आणि इथं मासे तुमच्याकडंच बघायला येतात. एकच चोंबडा मासा मागं मागं येतो आणि चारदा मोजला जातो. पहिल्या आठवड्यात माझे आकडे बघून मॅडम म्हणाल्या, "तुमच्या हिशेबानं या खडकावर पाण्यापेक्षा मासे जास्त आहेत."

मॅडमचा प्रश्न साधा होता. एका खडकावर मासे किती राहतील, हे कोण ठरवतं? मला वाटलं, यात काय विचारायचं, जितकी पिल्लं होतील तितके मासे. तसं नसतं. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्लं जन्मली की उघड्या समुद्रावर वाहून जातात. अगणित. तिकडं तरंगत, खात, खाल्ली जात वाढतात आणि मग एखाद्या रात्री खडकावर परत येतात, नखाएवढी, काचेसारखी पारदर्शक. आल्या आल्या त्यांना पाहिजे असते एक फट. लपायला. मोठा मासा तोंड घालू शकणार नाही एवढीच. ती मिळाली तर मासा जगतो. न मिळालेला सकाळी दिसत नाही.

म्हणजे पिल्लं किती आली यापेक्षा फटी किती आहेत, याच्यावर बरंच अवलंबून. हे तपासायला आम्ही सिमेंटचे ठोकळे पाडले, कशात लहान भोकं, कशात मोठी, आणि उथळ पाण्यात नुसती वाळू होती तिथं नेऊन मांडले. वाळूवर आधी चिटपाखरू नव्हतं. काही दिवसांनी गेलो तर प्रत्येक भोकातून एकेक तोंड बाहेर. लहान भोकात लहान मासा, मोठ्यात मोठा, एकही भोक वाया नाही. एका भोकातला मासा आम्ही जाळीनं काढून दुसरीकडं सोडला, तर दुसऱ्या दिवशी तिथं नवा पाहुणा मालकासारखा बसलेला. मी पाण्याखालीच शिवी हासडली. आमच्याकडं प्राध्यापक निवृत्त झाला की ती खुर्ची वर्षानुवर्षं धूळ खाते, आणि इथं रातोरात भरती!

मॅडम मात्र सारख्या बजावायच्या, जागा हेच सगळं नाही. कधी कधी फटी रिकाम्या असतात आणि त्या वर्षी पिल्लंच येत नाहीत. कधी वारा उलटा, कधी प्रवाह दुसरीकडं. तेव्हा जागा असून उपयोग नाही. हे मी लिहून घेतलं आणि सोडून दिलं. माझं चित्त रिकाम्या जागेवर.

मला खरं वेड लावलं ते पट्टेवाल्या जोकर माशानं. हा मासा समुद्रफुलात राहतो. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, खडकाला चिकटलेला, विषारी बोटं हलवणारा प्राणी. बाकीच्यांना त्याचा डंख बसतो, जोकराला नाही. एका फुलात सगळ्यात मोठी असते ती मादी. दोन नंबरचा नर. अंडी घालायचा हक्क या दोघांनाच. त्यांच्याबरोबर दोन-तीन बारके असतात. तुम्हाला वाटेल, पोरं असतील त्यांची. नाही, ते उमेदवार असतात. तिसरा मासा जगतो, खातो, पण वाढत नाही. मुद्दाम बारका राहतो. तो जास्त वाढला तर दोन नंबरवाला त्याला फुलाबाहेर हाकलतो, आणि फुलाबाहेर मरण. मादी गेली तर दोन नंबरचा नर स्वतः मादी होतो, आणि तिसरा झपाट्यानं वाढून नर होतो. रांग एका घरानं पुढं सरकते.

एका फुलावर मी असा तिसरा मासा दोन उन्हाळे पाहिला होता. सारखा खाली मान घालून वावरणारा. मला त्याची फार ओळख पटली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात गेलो तर मोठी मादी गायब, कुणीतरी गिळली असणार, आणि आमचे हे साहेब चांगले गरगरीत होऊन अंड्यांवर पंख हलवत बसलेले. मी जवळ गेलो तर माझ्याच बोटाला चावायला आले! मी वर येऊन तोंडातली नळी फेकली. मॅडम बोटीत होत्या.

"काय झालं? काही चावलं का?"

"पक्का झाला तो," मी म्हटलं.

"कोण?"

"तिसरा."

मॅडमना काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणसावर जळणं आपल्या रक्तात आहे, पण मी त्या दिवशी माशावर जळत होतो. निदान त्याच्याकडं नियम पाळतात. वरचा गेला की खालचा सरकतो. मधेच भोकरदनहून कुणी येत नाही.

भोकरदनचं सांगतोच. ज्या वर्षी जागा निघाली, त्या वर्षी कॉलेजात प्राणिशास्त्राचा सगळा भार माझ्यावर होता. पक्के सर निवृत्त झालेले. पोरं, शिपाई, प्राचार्य, सगळे म्हणायचे, सर, आता तुमचंच. सुमननं देवीला नारळ बोललेला. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बघतो तर शेजारी दिगंबरराव, नव्या कोऱ्या चपलांत.

"तुम्ही इथं काहून?" मी विचारलं.

"भाऊ, मंदानं भरला अर्ज. मी नको म्हणून राह्यल्तो. आपलं काय होतंय, तुम्हीच हायेत की."

आत गेल्यावर मंडळींनी माझ्या विषयाचं नाव वाचलं आणि एकानं चष्मा वर करून विचारलं, "प्रवाळातले मासे? जालना जिल्ह्यात?" मी सगळं सांगितलं, फटी, पिल्लं, ठोकळे. ते ऐकत होते. शेवटी विचारलं, "बरं, पण याचा इथल्या शेतकऱ्याला फायदा काय?" मी जरा गप्प झालो आणि तिथंच मेलो. दिगंबररावांचा विषय रेशीमकिडे. आमच्याकडं गावोगाव तुती, जालन्याला कोषांचा बाजार. त्यांना विचारायचं काही उरलंच नाही. निवड झाली. मला अजून वाटतं, माझा पराभव किड्यानं केला. आणि किडा तरी कसला? स्वतःचं घर स्वतःच्या तोंडातून काढून बांधणारा. त्याला जागेची पंचाईत कधी ठाऊकच नाही!

त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली तास घेऊ लागलो. दुसरीकडं जाणार कुठं? संसार अंबडला, पोरगी तिथल्या शाळेत. खोटं कशाला बोलू, मी रोज जळायचो. त्यांच्या नावाची पितळी पाटी दारावर लागली, तिच्याकडं न बघता आत जायची मी युक्ती शोधून काढली होती. ते आजारी पडले तर पगारी रजा, मी आजारी पडलो तर काढा घेऊन तास. ते मला कधी 'अमुक करा' म्हणाले नाहीत. "भाऊ, तुम्हाला जमत असंल तर..." म्हणायचे. यानं तर अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, एकदा तरी साहेबासारखा वाग, म्हणजे मला मोकळेपणानं शिव्या देता येतील!

अधिक महिन्यात मामांनी दोन्ही जावयांना धोंड्याला बोलावलं की ताटं शेजारी-शेजारी मांडलेली असायची. आहेर सारखा, अनारसे सारखे. मामा मुद्दाम सारखं करायचे. पण वाढताना सासूबाईंचा तुपाचा हात दिगंबररावांच्या ताटावर जरा जास्त रेंगाळतो, असा माझा संशय होता. सुमन म्हणायची, "अहो, तुम्ही जेवता का तूप मोजता?" मी म्हणायचो, मोजणं माझा धंदा आहे.

एक गंमत सांगतो. आमच्याकडं शिकलेल्या एका मुलीच्या वडिलांचं अंबडच्या पुढं शेततळं होतं, त्यात मासे सोडलेले. मुलीनं घरी जाऊन माझा धडा सांगितला, की फटी वाढवल्या की मासे वाढतात. त्या गृहस्थांनी घरातले फुटके रांजण, माठ, जुने टायर, एक मोडकी लोखंडी खाट, सगळं तळ्यात ढकललं. मला आग्रहानं बघायला बोलावलं. मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. तळ्यातले रोहू-कटला मोकळ्या पाण्यात फिरणारे मासे, त्यांना भोकात बसायची हौस नाही. वर मासे काढायच्या दिवशी जाळं खाटेत अडकून उभं फाटलं. गृहस्थ म्हणाले, "सर, तुमचं शास्त्र बराबर असंल, पण ते खाऱ्या पाण्याचं हाय." नंतर त्यांनी तळ्याच्या पाण्यावर तुती लावली. सल्ला कुणाचा, ते सांगायला नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपट्याचं पान घेऊन स्टाफरूममध्ये आले, तर आधी दिगंबररावांच्या पाया पडले आणि मग मला विचारलं, "जागा निघाली का, सर?"

बेटावर मी जात राहिलो तोवर माझ्याकडं एक गोष्ट होती जी दिगंबररावांकडं नव्हती. ती पण गेली. एका उन्हाळ्यात पाणी तापलेलं राहिलं आणि प्रवाळ पांढरे पडले. पांढरं प्रवाळ दिसायला सुंदर असतं. बोटीतले नवे लोक फोटो काढत होते. मासे लगेच कमी झाले नाहीत. सांगाडा उभा होता, फटी होत्या, तोवर पुष्कळसे टिकले. जिवंत प्रवाळावरच बसणारे तेवढे आधी गेले. मग पुढच्या पावसाळ्यांत लाटांनी मेलेल्या फांद्या मोडल्या, खडीचा ढीग झाला. मी टेप अंथरून पोहत गेलो आणि पाटी जवळजवळ कोरी घेऊन वर आलो. माझं जोकरांचं फूल पण नव्हतं. रांगेत किती मासे होते, कोण कितव्या नंबरचा, याला काही अर्थच राहिला नव्हता. प्रकल्प आटोपला, त्या परदेशात शिकवायला गेल्या. त्यांचाही मला हेवा वाटला. मी अंबडला आलो.

कॉलेजही आता पहिल्यासारखं नव्हतं. पूर्वी वर्गात बाकं पुरत नसत. आता शास्त्राकडं यायलाच कुणी तयार नाही. आली तर नावापुरती, हजेरी लावून स्पर्धा परीक्षांच्या क्लासला पळणारी. दिगंबरराव आणि मी उन्हाळ्यात प्रवेशासाठी गावोगाव हिंडायचो, त्यांच्या मोटरसायकलवर मी मागं. भोकरदनकडच्या एका घरात आई म्हणाली, "सर, पाणी घ्या, बसा. पण पोरीला पुण्याला टाकलंय."

आणि मग दिगंबररावांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारण, तब्येत. मला आश्चर्य वाटलं. साखर होती त्यांना, पण ती कुणाला नाही? अजून बरीच वर्षं खुर्ची त्यांची होती. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं, मनमिळाऊ, अजातशत्रू वगैरे. मनात एकच चाललेलं, आता घरी बसून निवृत्तिवेतन, आणि वर शाल-नारळ. माणसाला सगळंच कसं मिळतं!

पण खोटं नाही सांगत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी वेगळाच झालो. जागा रिकामी झाली होती. माझ्या हाताशी अजून काही वर्षं होती. मी घरी येऊन सुमनला म्हटलं, "आता निघती बघ." तिनं नारळाचं नाव काढलं नाही, नुसता माझा मुलाखतीचा सदरा पेटीतून काढून उन्हात घातला. मी तोंडपाठ केलेल्या उत्तरांची उजळणी सुरू केली. या वेळी शेतकऱ्याला फायदा काय, याचं उत्तर तयार होतं. रोज सकाळी प्राचार्यांच्या दारावरून एक चक्कर मारायचो.

प्राचार्यांनी आत बोलावलं आणि म्हणाले, "सर, बसा." या माणसानं मला आजवर कधी बसा म्हटलं नव्हतं. मी ओळखलं.

"ते पद व्यपगत झालंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं. विद्यार्थीच नाहीत हो. दिगंबर सर होते तोवर पद त्यांच्याबरोबर चालत होतं. ते उठले, पद संपलं. आता तासही उरत नाहीत. जे थोडे आहेत ते वनस्पतिशास्त्रवाले बघतील."

म्हणजे जागा तर गेलीच, माझे तासही गेले. मी कॉलेजातून निघालो तो सरळ दिगंबररावांच्या घरी. डोकं फिरलेलं. ते ओट्यावर बसून पायाला मलम चोळत होते. मी चपला न काढता सुरू झालो.

"दिगंबरराव, तुम्हाला काय जल्दी होती हो? काय नडलं होतं? बसायचं ना गपगुमान वयापर्यंत! तुमची खुर्ची राहती, माझे चार तास राहते. सोडून दिलं, शाल घेतली, मोकळे! दुसऱ्याचं काय व्हायचं ते होवो!"

ते मलम लावायचे थांबले. आतून मंदा आली, हात पिठाचे.

"दाजी, बिलकुल एक शब्द बोलू नका त्यांना. तुमच्यासाठी सोडली त्यांनी."

"मंदे, गप," दिगंबरराव म्हणाले.

"काहून गप? तीन वर्षं झाली, रोज म्हणायचे, भाऊंचं वय निघून चाललंय, मी उठलो तर शेवटची वर्षं तरी ते पक्के म्हणून काढतील. मी नको नको म्हणून राह्यल्ते. तब्येतीचं आपलं लिहायचं म्हणून लिहिलं. धडधाकट माणूस घरी बसलाय, तुमच्यापायी!"

दिगंबरराव खाली बघत होते. मग म्हणाले, "भाऊ, मला वाटलं, मी उठलो की तुम्ही बसताल. मी उठलो की खुर्चीच उचलून नेतील, हे कुठं ठाऊक होतं? चुकलंच माझं. चहा घेता का?"

मी चहा घेतला. तो कसा होता ते सांगता येणार नाही. दोघंही रस्त्याकडं बघत बसलो. बोललो ते पावसाचं, कपाशीचं.

घरी आलो आणि सुमनला सगळं सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला. सदरा घडी करून परत पेटीत ठेवला. मग म्हणाली, "आता तरी त्यांच्यावर जळणं बंद कराल का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"अहो, एवढं केलं त्या माणसानं, अन् अजून न्हाई?"

मी तिला कसं सांगू? पगाराचं, पाटीचं, तुपाचं, सगळं त्या ओट्यावरच गळून पडलं होतं. आता जे आहे ते त्याहून वाईट आहे. दिगंबररावांकडं दुसऱ्यासाठी सोडायला काहीतरी होतं.